पाणबुड्याची सही

"एवढ्या धडधाकट कासवाला बसायला खुर्ची, आणि माझ्या गुडघ्यांनीच काय घोडं मारलंय?"

आजी पुटपुटली ती आत्याच्या कानाशीच, पण तिचं पुटपुटणं म्हणजे पुढच्या चार कुटुंबांनी वळून बघावं इतपत. आत्या तिची लेक. चाळिशी ओलांडलेली, बिनलग्नाची, आणि सगळी नोकरी सरकारी खिडकीच्या आतल्या बाजूला बसून केलेली. त्यामुळे रांगेत उभं राहायची सवय तिलाही नव्हती. पण रांगेबद्दल कुरकुर करायचा हक्क आपल्याला नाही, एवढं तिला कळत होतं.

"आई, ते कासव नाहीये. आत माणूस आहे. त्याला उकडत असेल."

"मग मला काय इथे थंडी वाजतेय?"

रांग जहाजाच्या पाचव्या मजल्यावरच्या लांबोळक्या दालनात होती. गालिचा इतका जाड, की पावलं वाजायचीच नाहीत. खाली कुठेतरी खोल एंजिनाची धडधड मात्र चपलेतून टाचेत चढत राहायची. आजारी माणसाच्या उशाशी बसलं की त्याचा श्वास जाणवत राहतो, तशी.

रांगेच्या टोकाला कासव कप्तान. सोनेरी बिल्ल्यांचा कोट, फोमची पाठ, तीन बोटांचे हिरवे हातमोजे. जहाजावरची सगळीच सोंगं मुकी. बोलायचं नाही हा त्यांचा नियम. मान डोलवायची, पोराला पोटाशी धरायचं, वहीत सही करायची.

बटणची पाळी आली. बटण ही आत्याची भाची, तिच्या दादाची धाकटी, वय वर्षं साडेसहा. जन्मली तेव्हा नाक म्हणजे नुसतं बटण होतं, म्हणून थोरल्या बहिणीने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. बटणने निळ्या पुठ्ठ्याची वही उघडून पुढे केली आणि लगेच कासवाकडे पाठ फिरवली. बाकीची मुलं त्याला बिलगत होती, शेपूट ओढत होती. ही भिंतीकडे तोंड करून उभी. सही झाल्यावर वळून वही घेतली, "थँक्यू" म्हणाली, चार पावलं बाजूला गेली. वहीचं पहिलं पान बघितलं, मग सही बघितली, मग पुन्हा पहिलं पान.

"ही नाही," ती स्वतःशीच म्हणाली आणि पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक फुली मारली.

"कोण नाही गं?" आत्याने विचारलं.

"काही नाही. आता खेकडा न्हावी. तो वर आहे, तलावापाशी. आजी, तिथे खुर्च्या आहेत."

"गुणाची माझी बाय," आजी म्हणाली आणि लिफ्टकडे अशी सुटली, की गुडघ्यांची गोष्ट खोटी वाटावी.

वही बटणची नव्हती. ताईची होती, तिच्या थोरल्या बहिणीची. दोन वर्षांपूर्वी सहल ठरली तेव्हा नऊ वर्षांच्या ताईने ती हट्टाने घेतली, माहितीपत्रकातून बारा सोंगांची नावं पहिल्या पानावर ओळीने उतरवली आणि खाली स्वतःची सही ठोकली. ताई डावखुरी. लिहिताना तळहात शाई फरफटत न्यायचा. सहीखाली ती उजवीकडून डावीकडे एक रेघ ओढायची आणि रेघेवर तीन फटकारे मारायची. झाला माशाचा काटा. "पुढे लोक माझ्या सहीसाठी रांगा लावणार आहेत," ती सांगायची, "म्हणून आत्ताच ठरवून ठेवलेली बरी."

मग चौदा महिन्यांपूर्वी आठ दिवसांच्या तापात सगळं आटोपलं. 'आटोपलं' हा शब्दही घरात कुणी वापरलाच तर. एरवी 'ते दिवस', 'तेव्हा', 'त्यानंतर'. ताईचं नाव तर कुणी घेतलंच नाही. आधी जीभ रेटली नाही म्हणून. नंतर, इतके दिवस कुणी घेतलं नाही तर आपण पहिले कशाला, म्हणून.

सहल एकदा पुढे ढकलली होती, आता आणखी ढकलता येत नव्हती. आरक्षण सहा जणांचं. त्यातलं एक नाव काढायचं राहिलं. दादाला वाटलं, बायकोने काढलं असेल. वहिनीला वाटलं, त्यांनी काढलं असेल. आणि दोघांनाही वाटलं, फॉर्म हा आत्याचा प्रांत. आत्याने खरंच एका दुपारी तो फॉर्म संगणकावर उघडला होता. 'नाव वगळण्याचे कारण' याखाली चार पर्याय होते: आजारपण, कामाची अडचण, अपूर्ण कागदपत्रे, इतर. ती 'इतर'कडे बघत बराच वेळ बसली. मग चहाला पाणी ठेवायला म्हणून उठली ती उठलीच.

म्हणून बंदरावरच्या मुलीने हसतमुखाने सहा कार्डं मोजून दिली. दादाने सहावं वाचलं, शर्टाच्या खिशात टाकलं आणि त्यावर चष्म्याचं घर ठेवलं.

तिथेच थांबतं तर निभावलं असतं. पण जहाज सुटायच्या आधी सगळ्यांना लाइफ जॅकेट चढवून डेकवर उभं करतात आणि नावं पुकारतात. त्यांच्या खोल्यांची पाच नावं झाली, पाच वेळा 'हजर' झालं, आणि यादीवाल्या खलाशाने सहावं नाव वाचलं. लाउडस्पीकरवरून, खणखणीत. चौदा महिन्यांनी ते नाव हवेत आलं ते परक्याच्या तोंडून.

वहिनी समुद्राकडे बघू लागली. आजीने जॅकेटचा पट्टा सोडला आणि पुन्हा बांधला.

"सहावी कुठाय?" खलाशाने विचारलं. "मोजणी पुरी झाल्याशिवाय जहाज हलत नाही साहेब."

"झोपलीय," दादा म्हणाला. "खोलीत. बरं नाहीये तिला."

खलाशाने यादीवर खूण केली. भोंगा झाला. आणि बटणने मान वर करून बापाकडे बघितलं. त्या बघण्यात प्रश्न नव्हता. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट मोठ्यांनीही कबूल केली, की मुलं बघतात तसं ते बघणं होतं.

खोल्या दोन होत्या, मधे दार. एकीत दादा-वहिनी. दुसरीत आजी, आत्या आणि, जहाजाच्या कागदांप्रमाणे, दोन मुली. मुलींचे बिछाने भिंतीत दुमडलेले असायचे. खोलीवाला ते रोज दुपारी खाली घ्यायचा. दोन्ही. चादरी ताणायचा, उश्या थोपटायचा आणि टॉवेलांची जनावरं करून ठेवायचा. पहिल्या दिवशी बटणच्या बिछान्यावर ससा होता, शेजारच्या बिछान्यावर हंस.

"त्याला सांग, एकच घाल म्हणून," आजी म्हणाली.

"तू सांग ना."

"मला त्याची भाषा नीट कळत नाही."

"आई, तो आपल्याच भाषेत बोलतो."

"मग तू सांग."

कुणीच सांगितलं नाही. हंस रोज नवा होत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याला उलगडा झाला. तलावाकाठी आजी खुर्चीत घोरत होती. खेकडा न्हावी झाला होता, पेंग्विन वाढपी झाला होता, ऑक्टोपस आचाऱ्याने आठांपैकी कुठल्याशा हाताने सही दिली होती. तिघांनाही फुल्या. बटण पालथी पडून ऑक्टोपसची सही तपासत होती. कार्डाची कड ओळीखाली धरून, अक्षराच्या वळणावरून नख फिरवत. कड धरायची, नख फिरवायचं. ही रीत आत्याने ताबडतोब ओळखली, कारण ती तिचीच होती.

आत्या पेन्शनच्या कचेरीत हयातीच्या दाखल्यांच्या खिडकीवर होती. वर्षातून एकदा म्हातारी माणसं येतात, तिच्यासमोर सही करतात. ती जुनी सही काढते, दोन्ही ताडून बघते आणि शिक्का मारते. माणूस आहे. एकदा शाळेला सुट्टी म्हणून बटण दिवसभर तिच्या शेजारी स्टुलावर बसली होती.

"काय बघतेस आत्या?"

"ही सही त्या सहीशी जुळते का."

"आणि जुळली की?"

"जुळली की माणूस आहे."

"मग ते आजोबा सही करत होते तेव्हा तू तिकडे का बघत होतीस?"

"टक लावून बघितलं की हात बुजतो गं. सही बिघडते. म्हणून आपण तोंड फिरवायचं."

पोरगी सोंगांच्या सह्या जमवत नव्हतीच. हयातीचा दाखला शोधत होती.

आणि शोधायला तिला जहाजावर पाठवलं होतं कुणी? त्या आठ दिवसांत बटण आत्याच्या घरी होती. आठव्या दिवशी फोन येऊन गेला, आत्या मटार सोलायला बसली, कारण हातांना काहीतरी हवं होतं. बटण समोर येऊन बसली. "ताई कधी येणार?" आणि आत्या म्हणाली, "ती पुढे गेलीय. जहाजावर. आपण गेलो की भेटेल." एवढंच. ठरवून नाही, तोंडातून सुटलं. पण सुटल्यावर पोरीचा चेहरा असा खुलला, की आत्यालाही क्षणभर बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची लाज तिने आजवर कुणाला दाखवली नव्हती. पुढे महिनाभराने बटण विचारायची थांबली. मुलं विसरतात लवकर, सगळे म्हणाले. विसरली कसली. सहलीची वाट बघत होती.

जेवताना आत्याने विषय काढला. बटण आईस्क्रीमच्या यंत्रापाशी होती, तेवढी फट साधून.

"दादा, बटण ताईला शोधतेय."

वहिनीचा चमचा थांबला. दादाने पाण्याचा ग्लास उचलला, प्यायला नाही, ठेवला.

"काहीतरीच काय. सोंगांचं वेड आहे तिला. या वयात असतं."

"सह्या जुळवून बघतेय ती. मीच तेव्हा तिला सांगितलं होतं, की—"

"वन्सं," वहिनी म्हणाली, "पपई घ्या. छान आहे."

"वहिनी, तिला सांगायला हवं. आपण कुणीच—"

"सांगू की," दादा म्हणाला. "नको कोण म्हणतंय? घरी गेलो की सांगू. चार दिवसांची सहल. चार दिवस तरी..."

"चौदा महिने झाले, दादा."

"पपई खरंच गोड आहे हो," आजी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी थेट बशीत पडत होतं आणि ती एकेक फोड खात होती.

बटण आईस्क्रीम घेऊन आली. दोन वाट्या. एक तिने स्वतःपुढे ठेवली, एक शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे. ती वितळून पाणी होईपर्यंत कुणी हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी खोलीवाला दारात घुटमळला. गोरागोमटा, अदबशीर माणूस. टॉवेलात हात गुंडाळत म्हणाला, "बाई, राग नका मानू. मोठ्या बेबीची चादर आज पुन्हा ओली होती. मी बदललीय. पोहून आल्यावर अंग पुसून झोपायला सांगा तेवढं."

"एसीचं पाणी असेल," आजी खाडकन म्हणाली.

खोलीवाल्याने एसीकडे बघितलं. तो दाराच्या वर होता, बिछान्यापासून चांगला दहा पावलांवर. "असेल," तो म्हणाला आणि गेला.

आत्याने बिछान्याशी जाऊन चादर चाचपली. चादर नवीच घातलेली होती, पण खालच्या गादीत ओल होती. मधोमध, लांबट. साधारण अकरा वर्षांच्या मुलीएवढी लांब. तिने बोट जिभेला लावलं. खारट.

"काय गं?" आजीने विचारलं.

"एसीचंच पाणी," आत्या म्हणाली.

संध्याकाळपर्यंत अकरा सह्या झाल्या, अकरा फुल्या झाल्या. राहिला बारावा, पाणबुड्या. बटणने आत्याला हाताला धरून माहितीच्या खिडकीवर नेलं. खिडकीतल्या बाईंनी ताईचं पान कौतुकाने वाचलं.

"अगं, ही जुनी यादी दिसतेय. पाणबुड्या आम्ही गेल्या वर्षीच बंद केला. पितळेचं शिरस्त्राण, शिशाचे बूट, आतला माणूस घेरी येऊन पडायचा. आणि मुलं घाबरायची. चेहराच दिसत नाही ना, नुसती काळी काच. आता रिकामा पोशाख तेवढा ठेवलाय उभा करून, खाली दुसऱ्या मजल्यावर. लोक फोटो काढतात."

"बरं," बटण म्हणाली.

आत्याला हायसं वाटलं. बारावा नाहीच, म्हणजे शोध संपला. उद्या दुपारी उतरायचं, घरी जायचं, मग निवांत, नीट शब्द जुळवून सांगू. दादाचीच भाषा आपल्या डोक्यात शिरलीय हे तिला कळलं, तरी तिने ती बाहेर काढली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी नाश्त्याला बटण सगळ्यांत शेवटी आली. खुर्चीवर चढून बसली आणि वही आत्यापुढे सरकवली.

"जुळली," ती म्हणाली. "तू पण बघ. तुला कळतं."

बारावं पान. कोपऱ्यात फुली नव्हती. कागद जरा फुगला होता, भिजून वाळलेला असतो तसा. आणि मधोमध ताईचं नाव. शाई डावीकडून उजवीकडे तळहाताखाली फरफटलेली. खाली माशाचा काटा.

आत्याने चष्मा लावला. घाबरायच्या आधी तिने काम केलं, कारण तेवढंच तिला येत होतं. बघून बघून केलेली सही तिने आयुष्यात शेकड्यांनी पकडली होती. नक्कल करणारा हात सावकाश चालतो, मधेच थबकतो, थबकतो तिथे शाईचा थेंब जमतो. आणि नक्कल तंतोतंत जुळते. तंतोतंत जुळली की खोटी समजायची, कारण जिवंत माणूस एकसारखी सही दोनदा करत नाही.

ही तंतोतंत नव्हती. एका झपाट्यात केलेली होती. पहिल्या पानावर नऊ वर्षांच्या मुलीची सुटी सुटी अक्षरं होती. इथे ती एकमेकांत गुंतायला लागली होती, काट्याचा शेवटचा फटकारा बेफिकीर सुटला होता. दोन वर्षांत मुलांची सही जेवढी मोठी होते, तेवढी ही मोठी झाली होती. खिडकीवर समोर आली असती, तर आत्याने डोळे झाकून शिक्का मारला असता.

"कुणी केली ही?"

"पाणबुड्याने. म्हणजे ताईनेच. ती आत आहे."

"तू बघितलंस करताना?"

"छे! बघायचं नसतं ना. मी वही हातमोज्यात अडकवली, पेन ठेवलं, तोंड फिरवलं आणि वीस आकडे मोजले."

"गेलीस कधी तिथे?"

"मघाशी. तू आजीला गोळ्या देत होतीस तेव्हा."

वहिनीने वही ओढून घेतली. पानावर बोट ठेवलं, शाई फरफटली होती तिथे, आणि ते बोट तिने उचललंच नाही. अगदी हळू म्हणाली, "वन्सं, असं करू नये हो."

"मी? मला वाटलं तुम्ही..."

दोघींनी दादाकडे बघितलं. दादाचा चेहरा पांढराफटक पडला होता. "वेड लागलंय का तुम्हाला? तिची सही मला कशी येईल?" मग एकदम उठून म्हणाला, "मिटा ती वही. सामान भरायचंय."

आजीने कुणाकडेच बघितलं नाही. बटण शांतपणे पावाला लोणी लावत होती. घरातल्या चारही मोठ्यांना तेव्हा पक्कं कळलं, की ती सही आपल्यातल्या कुणाची नाही.

दुपारी जहाज धक्क्याला लागलं. उतरायच्या दारात एक यंत्र होतं. कार्ड टेकवायचं, टिंग वाजायचं, नाव यादीतून उतरायचं. बॅगा, आजीची काठी, वहिनीची शाल, असं सगळं सांभाळत दादा, वहिनी आणि आजी टिंग टिंग करत पुलावर पोचले आणि आत्याने मागे वळून बघितलं. बटण नव्हती.

ती कुठे असेल, हे आत्याला शोधावं लागलं नाही. फक्त धावावं लागलं.

तिसऱ्या मजल्यानंतर गालिचा संपला. दुसऱ्यावर नुसतं लोखंड, पावलागणिक घणघणणारं. धुलाईखान्याचं दार उघडं होतं. आत मोठाले ढोल पांढऱ्या चादरी गरगर फिरवत होते. बोळाच्या टोकाला फोटोवाला आपलं कॅमेऱ्याचं तिकाटणं बॅगेत भरत होता.

"तुमची का छोकरी?" तो म्हणाला. "मघापासून उभी आहे. सांगितलं तिला, आत कुणी नाही, लोखंडी सांगाडा आहे नुसता. ऐकतच नाही." बॅग खांद्याला मारून तो जिन्याने वर गेला.

चौथऱ्यावर पाणबुड्या उभा होता. जाड मेणकापडाचा अंगरखा, पितळेचं घागरीएवढं डोकं, त्यात काळी गोल काच. शिशाच्या बुटांभोवती पाण्याचं थारोळं होतं. बटण दोराच्या आत शिरून त्याच्या शेजारी उभी होती, वही काखेत. तिचा उजवा हात त्याच्या डाव्या हातमोज्यात होता.

"बटण, चल बाळा. उतरायचंय."

"तुम्ही जा. मी थांबते."

"म्हणजे?"

"आपण सगळे गेलो तर ताई एकटी राहील. इतके दिवस एकटीच होती ती इथे. तुम्ही कुणी आलातच नाही." तिच्या आवाजात रुसवा नव्हता. तिचं ठरलं होतं.

तेवढ्यात छतातला लाउडस्पीकर खरखरला. त्यांच्या खोलीचा आकडा पुकारला. या खोलीतले तीन प्रवासी अजून जहाजावर आहेत, त्यांनी ताबडतोब दाराशी यावं. मग तीन नावं. आत्याचं, बटणचं आणि ताईचं.

"बघ," बटण म्हणाली. "तिचं पण घेतलं."

आत्या दोर ओलांडून गेली, बटणचं मनगट धरलं आणि ओढलं. हात निघेना. हातमोज्याची चारही बोटं पोरीच्या पंजावर मिटलेली होती. कुठेतरी वादी अडकली असेल, चाप असेल. आत्याने चाचपलं. वादी नव्हती, चाप नव्हता. मेणकापड गार आणि चिंब होतं, आणि त्याच्या आत काहीतरी घट्ट होतं.

"ओढू नकोस ना," बटण म्हणाली. "तिला लागतं."

जिन्यावर पावलं घणघणली. दादा आला, मागे वहिनी, आणि कठड्याला धरत, धापा टाकत, आजी. तिघेही बोळाच्या तोंडाशी थिजले. वहिनीची नजर त्या डाव्या हातमोज्यावरून हलेना.

"बटण," दादा म्हणाला. आवाज त्याने फार प्रेमळ केला होता. "असं काय करतेस राणी? तू हो पुढे. ताई मागून येतेय. तिला जरा वेळ लागेल, एवढंच."

बटणचा चेहरा खुलला.

अगदी तसाच. मटारच्या ताटापलीकडे खुलला होता तसा. आणि आत्याने बघितलं, हातमोज्याची बोटं आणखी आवळली. बटणच्या पंजाची कड पांढरी पडली, तरी ती हसतच होती.

"दादा, गप्प बस," आत्या म्हणाली. घरात थोरल्या भावाला असं ती पहिल्यांदाच बोलली.

ती त्या पाण्यात खाली बसली, साडी भिजली तरी. आता बटणचे डोळे तिच्या डोळ्यांसमोर आले. काळ्या काचेकडे तिने बघितलं नाही. सही करणाऱ्याकडे बघू नये तसं.

"बटण, ती सही मी तपासली. जुळते. खोटं सांगत नाही, जुळते. पण जुळली की माणूस आहे, हे मी तुला चुकीचं शिकवलं. तो कचेरीचा नियम आहे, बाळा. खरा नाही."

"पण तूच म्हणालीस ती जहाजावर आहे."

"म्हणाले."

"मग?"

मागे वहिनीचा हुंदका आला. "वन्सं, नको," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "नाही. सांगा."

वर लाउडस्पीकर पुन्हा खरखरला, तीच तीन नावं. आत्याने बटणचा मोकळा हात दोन्ही हातांत घेतला.

"मी खोटं बोलले, बटण. त्या दिवशी, मटार सोलताना. ताई पुढे गेली नव्हती. ती खोलीत झोपलेली नाही. मागून येत नाहीये."

हातमोज्याचं एक बोट सैल झालं. आत्याला ते दिसलं नाही, बटणच्या खांद्यातून जाणवलं. मग तिने ताईचं नाव घेतलं. सबंध, शाळेच्या हजेरीत होतं तसं. चौदा महिने तोंडात धरलेलं ते नाव बाहेर येताना तिचा आवाज चिरकला, पण तिने ते पुरं केलं, आणि नावापुढचा शब्दही.

"मेली गं. तापात मेली. आपली ताई मेली."